कुकी नसलेल्या अर्जदाराची तजवीज

ज्याच्या ब्राउझरमध्ये कुकी बंद आहेत अशा पाहुण्याचे काय करावे, हा प्रश्न संकेतस्थळांच्या बांधणीविषयीच्या लेखनात बहुधा तळटीपेच्या योग्यतेचा मानला जातो. आणि जेथे प्रत्येकाच्या हाती स्वतःचा संगणक, स्वतःचा फोन आणि त्या दोहोंच्या अंतर्गत व्यवस्थेचे थोडेफार ज्ञान असते, तेथे तो तसा मानला गेला तर त्यात नवल नाही. परंतु हाच प्रश्न डहाणू रोडच्या बाजारपेठेतील किंवा तलासरीच्या तहसील कचेरीलगतच्या एखाद्या सेवा केंद्रातून पाहिला, म्हणजे त्याचे स्वरूप पालटते. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्तीचा अर्ज, सात-बाराचा उतारा, फेरफाराची नोंद, असा ज्या कागदांचा व्यवहार एकेकाळी मामलेदार कचेरीच्या ओट्यावर दिवस घालवून होत असे, तो आता बव्हंशी पडद्यावर होतो. आणि पडद्यापलीकडील यंत्राने अर्जदाराला एका पानावरून दुसऱ्या पानावर जाताना ओळखावे की नाही, हे जेमतेम ४०९६ बाइटांत मावणाऱ्या एका नोंदीवर अवलंबून असते. ती नोंद ब्राउझरने नाकारली, तर कचेरीच्या लेखी तो मनुष्य दर पानागणिक नव्यानेच दारात आलेला असतो.

मूळ अडचण अशी की, एचटीटीपी ही वेबची दळणवळणाची पद्धती स्वभावतःच स्मृतिहीन आहे. पान मागितले, पान दिले, संबंध संपला. पुढची मागणी त्याच मनुष्याची आहे किंवा नाही, हे सर्व्हरला कळण्याचा मार्ग तिच्यात मुळात नव्हता. १९९४ साली नेटस्केप या कंपनीतील लू माँटुली या तरुण अभियंत्याने त्यावर जो तोडगा काढला तोच कुकी होय. सर्व्हरने उत्तरासोबत एक लहानशी खूण पाठवावी, ब्राउझरने ती जपून ठेवावी आणि त्याच ठिकाणी पुन्हा जाताना न विसरता परत दाखवावी. चैत्री पौर्णिमेपासून विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची यात्रा भरते, तेव्हा देवळाबाहेर चपला सांभाळणारा हातात जो पत्र्याचा बिल्ला देतो, त्याच्या जातीची ही वस्तू आहे: बिल्ल्यावर केवळ आकडा असतो, माल सांभाळणाऱ्याकडेच राहतो, पण बिल्ला हरवला की माल आपला असून आपला राहत नाही.

या खुणेचा दुरुपयोग होऊ शकतो, ही गोष्ट कोणाच्या ध्यानात आली नव्हती असे मात्र नाही. फेब्रुवारी १९९७ मध्ये डेव्हिड क्रिस्टॉल आणि माँटुली यांच्या नावे आरएफसी २१०९ या क्रमांकाचे पहिले मानक प्रसिद्ध झाले. आपण पाहत असलेल्या संकेतस्थळाखेरीज अन्य कोणा तिऱ्हाइताने, म्हणजे बहुतकरून जाहिरातदाराने, त्याच पानातून आपली कुकी ठेवू पाहिल्यास ब्राउझरने ती मुळात मान्य करू नये, असा स्पष्ट दंडक त्यात घातलेला होता. नेटस्केप आणि मायक्रोसॉफ्ट या त्या काळच्या दोन्ही मातब्बरांनी तो दंडक बासनात गुंडाळून ठेवला. २००० साली मानकाची दुसरी आवृत्ती आली, तिचीही तीच गत झाली. आणि २०११ सालच्या आरएफसी ६२६५ ने तर, जगात जे प्रत्यक्ष चालू आहे तेच लिहून काढण्याचा शहाणपणा पत्करला. त्या आरंभीच्या दुर्लक्षाची किंमत म्हणजे आजची कुकी बंद करणाऱ्यांची जमात होय, असे म्हणण्यास हरकत नसावी. जाहिरातदारांनी पाळत ठेवण्यासाठी जी वस्तू वापरली, तीच वस्तू दाखल्याचा अर्ज पुरा होण्यासाठीही लागते. आणि संतापलेला किंवा सावध झालेला मनुष्य एकच कळ दाबून दोन्ही बंद करतो.

अर्थात कळ दाबणारा दर वेळी तोच असतो असे नव्हे, आणि आपल्या या भागापुरता विचार करता मला हाच मुद्दा सर्वांत महत्त्वाचा वाटतो. खाजगीपणाविषयी जागरूक असलेला, विचारपूर्वक कुकी नाकारणारा वाचक येथेही आहे. चर्चगेटपासून सुमारे सव्वाशे किलोमीटरवरील डहाणू रोडला एप्रिल २०१३ पासून उपनगरी गाडी येऊ लागली, तिच्यातून मुंबईस कामाला जाणाऱ्यांत तो सापडेल. परंतु त्याहून पुष्कळ मोठा वर्ग ज्यांनी स्वतः काहीच केलेले नाही अशांचा आहे. कोणाचा फोन थोरल्या भावाकडून आला आहे आणि त्यातील व्यवस्था त्यानेच कधीतरी बदलली आहे. कोणी डेटा वाचवण्यासाठी असा ब्राउझर वापरतो की जो पान स्वतःच्या सर्व्हरवर उघडून, त्याचा रस काढून, मग फोनवर धाडतो. कोणाचे पान एखाद्या ॲपच्या पोटातच उघडते, आणि अँड्रॉइडच्या पाचव्या आवृत्तीपासून तशा अंतर्गत खिडकीत तिऱ्हाइतांच्या कुकी आपोआप बंदच असतात. यूसी ब्राउझर हा एकेकाळी स्वस्त फोनांवर सर्रास दिसणारा ब्राउझर जून २०२० मध्ये केंद्र सरकारने बंदी घातलेल्या ५९ ॲपांच्या यादीत गेला, तेव्हा ज्यांनी दुसरा ब्राउझर घेतला त्यांतल्या किती जणांनी त्याची व्यवस्था डोळ्यांखालून घातली असेल?

सेवा केंद्रातील सामायिक संगणकाची गोष्ट तर निराळीच आहे. तेथे एकाच ब्राउझरमधून दिवसभरात अनेकांचे अर्ज जातात. आणि आधीच्या अर्जदाराचे सत्र नीट बंद झाले नसेल तर त्याची खूण तशीच शिल्लक राहून, पुढच्याच्या समोर मागच्याचे नाव, मागच्याचा आधार क्रमांक आणि मागच्याचे उत्पन्न झळकू शकते. हे टाळण्यासाठी केंद्रचालकाने खाजगी खिडकी वापरली किंवा ब्राउझर मिटताच सर्व कुकी पुसल्या जाव्यात अशी व्यवस्था केली, तर ती त्याची कर्तव्यदक्षताच होय. पण याच दक्षतेमुळे अर्धा भरलेला अर्ज वीज जाताच नाहीसा होतो, आणि क्रोमच्या खाजगी खिडकीत तिऱ्हाइताच्या कुकी अडवल्या जात असल्याने, ज्या संकेतस्थळाने लॉगिनचे काम दुसऱ्याच पत्त्यावर सोपवले आहे ते नेमक्या मोक्याच्या पायरीवर अडून बसते. सामायिक यंत्रावर कुकी पुसणे योग्य आहे. पुसलेली कुकी हा अपराध मानणारे संकेतस्थळ तेवढे अयोग्य आहे.

आता प्रत्यक्षात काय बिघडते ते पाहू, कारण संकेतस्थळ बांधणाऱ्यांपैकी पुष्कळांनी ते कधी पाहिलेले नसते. पहिला आणि सर्वांत छळवादी प्रकार कॅप्चाचा. वेडीवाकडी अक्षरे ओळखून लिहा, असे जे कोडे पुढे येते त्याचे उत्तर सर्व्हर आपल्या दप्तरात त्या पाहुण्याच्या सत्रापुढे नोंदवून ठेवतो. पाहुण्याकडे कुकी नसली, तर उत्तर तपासायला जावे तो सत्रच नवे, त्यापुढे उत्तरच नाही. परिणामी अक्षरे बिनचूक लिहिली तरी ‘कॅप्चा चुकला’ असा शेरा येतो, मनुष्य डोळे चोळून पुन्हा लिहितो, पुन्हा तोच शेरा येतो, आणि आपलेच वाचन कच्चे अशी समजूत करून घेऊन तो उठून जातो. ज्या टापूत शाळेची पायरी चढलेली पहिलीच पिढी अर्ज भरायला बसते, तेथे हा खोटा शेरा केवळ गैरसोयीचा नाही, तो अपमानकारक आहे. दुसरा प्रकार फेऱ्याचा: लॉगिन यशस्वी होते, सर्व्हर खूण देतो, ब्राउझर ती टाकून देतो, पुढचे पान खूण मागते, ती न मिळाल्याने पुन्हा लॉगिनकडे पाठवते. तिसरा प्रकार कोऱ्या पानाचा. सर्व कुकी बंद केल्या असता क्रोम त्याबरोबर स्थानिक साठवणुकीची दारेही लावून घेतो, आणि ती दारे उघडी असतील असे गृहीत धरून लिहिलेली स्क्रिप्ट पहिल्याच ओळीला कोसळते. पडद्यावर ना मजकूर, ना इतल्ला.

चौथ्या प्रकाराविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण त्यात पैसा गुंतलेला असतो. शुल्क भरण्यासाठी अर्जदार बँकेच्या दारी जातो आणि तेथून परत पाठवला जातो. २०२० साली क्रोमने असा नियम केला की, ज्या कुकीवर तिच्या बांधणाऱ्याने स्पष्ट शिक्का मारलेला नाही, ती परक्या संकेतस्थळावरून फॉर्मच्या रूपाने येणाऱ्या मागणीसोबत पाठवली जाऊ नये. दोन मिनिटांच्या आत दिलेल्या ताज्या कुकीला तेवढी सवलत ठेवली. आता ओटीपी यायला दोन मिनिटांहून अधिक वेळ लागणे हे तलासरीपलीकडच्या पाड्यांत विशेष मानले जात नाही. म्हणजे ज्याने काहीच बंद केलेले नाही असा मनुष्यही, बँकेहून परतताना क्षणभर कुकीविरहित होतो, आणि संकेतस्थळ त्याला ओळखीनासे होते. रक्कम खात्यातून वजा झालेली, पावती मात्र नाही. ज्यांनी परतीची रुजुवात कुकीवर न टाकता व्यवहार क्रमांकावर टाकली, त्यांच्याकडे हा घोटाळा होत नाही.

कुकी नसेल तर खूण पत्त्यातच घालावी, हा उपाय एकेकाळी सर्वमान्य होता. जावाच्या चौकटीत पानाच्या पत्त्याला ‘जेसेशनआयडी’चे शेपूट लागत असे, पीएचपीमध्ये तशी कळ होती, मायक्रोसॉफ्टच्या एएसपी डॉट नेटने तर पाहुण्याकडे कुकी आहेत की नाहीत हे आपोआप ताडून, नसल्यास पत्त्याच्या मध्यभागी कंसात खूण बसवण्याची सोय केली होती. वरवर पाहता ही मोठी समंजस तजवीज दिसते, पण तिचे दोष गंभीर आहेत. पत्ता ही दाखवण्याची आणि वाटण्याची वस्तू आहे. कोणी आपल्या अर्जाचे पान उघडले असता त्याचा पत्ता व्हॉट्सॲपवर मेहुण्याला पाठवला, तर त्या पत्त्यासोबत आपले सत्रच त्याच्या हवाली होते. पानातील बाहेरच्या दुव्यावर टिचकी मारली की आलेल्या पानाचा पूर्ण पत्ता पुढच्याला कळवण्याची ब्राउझरची रीत होती, तिच्यातूनही खूण फुटत असे. याहून वाईट म्हणजे, लबाडाने स्वतःच्या खुणेचा पत्ता आधी दुसऱ्याच्या गळी उतरवावा, त्याने त्या पत्त्यावरून लॉगिन करावे, आणि मग लबाडाने त्याच खुणेने आत शिरावे, असाही हल्ला शक्य होतो. पीएचपीने आपली कळ ५.३ या आवृत्तीपासून मुळातच बंद ठेवली आणि २०२४ सालच्या ८.४ व्या आवृत्तीत ती त्याज्य ठरवली, ते योग्यच झाले. तेव्हा आजही कोणी कंत्राटदार जुन्या पुस्तकातून हा उपाय काढून कचेरीपुढे मांडील, तर तो कागद नामंजूर करावा.

मग पाहुण्याकडे कुकी नाहीत हे ओळखावे तरी कसे? ब्राउझरला थेट विचारण्याचा एक गुणधर्म उपलब्ध आहे, पण त्याच्या उत्तरावर सर्वस्वी विसंबून चालत नाही. खात्रीची रीत एकच, की आधी परीक्षेपुरती एक खूण द्यावी आणि पुढच्या मागणीत ती परत येते का ते पाहावे. हे एकदाच करावे, आणि न आल्यास तेथेच थांबून सांगावे. पुन्हापुन्हा परीक्षा घेणारे संकेतस्थळ वर वर्णन केलेल्या फेऱ्यातच सापडते. सांगावे कोठे आणि कोणत्या भाषेत, हा मात्र तंत्राचा प्रश्न नाही. चौकटींसोबत येणारे तयार इंग्रजी संदेश जसेच्या तसे ठेवणे हा महाराष्ट्रात तरी अक्षम्य आळस होय. १९६४ च्या राजभाषा अधिनियमानंतर कचेरीचे पत्र मराठीत यावे आणि कचेरीच्या पडद्याने मात्र ‘सेशन एक्स्पायर्ड’ म्हणावे, ही विसंगती आपण फार दिवस खपवून घेतली आहे. आणि संदेश अर्जाच्या पहिल्या पानावर यावा, चाळिसाव्या रकान्यानंतर नव्हे. ‘आपल्या ब्राउझरने खूण ठेवण्यास परवानगी दिलेली नाही. माहिती वाचण्यास अडचण नाही, परंतु अर्ज भरण्यासाठी ती लागेल. ती चालू करण्याची रीत अशी’, इतकी तीन वाक्ये पुरेत.

या वाक्यांत जो भेद गृहीत धरला आहे तोच माझ्या मते या साऱ्या प्रश्नाचा गाभा आहे. वाचणाऱ्याला ओळखण्याचे कचेरीला काहीच कारण नाही. योजनेचे निकष, शुल्काचा तक्ता, लागणाऱ्या कागदपत्रांची यादी, ग्रामसभेचे ठराव, हे भिंतीवर लावलेले कागद आहेत आणि ते वाचणाऱ्याचे नाव कोणी विचारीत नसे. तेथे कुकी मागणे हा निष्कारण आगाऊपणा आहे, आणि ती नसल्यास पानच न दाखवणे हा त्याहून मोठा. सात-बारा नुसता पाहणे हेही जवळजवळ याच कोटीतले. १ मे २०१८ पासून मिळू लागलेला डिजिटल स्वाक्षरीचा उतारा शुल्क भरून घ्यायचा असल्याने तेथे ओळख आली. पण ती ओळखही व्यवहारापुरती असावी, वावरण्यापुरती नव्हे.

जेथे स्मृती खरोखर लागते तेथे ती कोणाच्या हाती ठेवावी, हा पुढचा प्रश्न. कुकी ती ब्राउझरच्या हाती ठेवते. पण आपल्या कचेऱ्यांत याहून जुनी आणि अधिक भरवशाची एक पद्धत होती: अर्ज बारनिशीत दाखल व्हायचा, त्यावर क्रमांक पडायचा आणि पोच अर्जदाराच्या हाती मिळायची. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ याने हीच परंपरा कायद्यात आणली. अर्जदाराला विशिष्ट अर्ज क्रमांक द्यावा आणि त्यावरून त्याला आपल्या अर्जाची स्थिती पाहता यावी, अशी त्यात योजना आहे, आणि सेवा देण्याची मुदतही परिपूर्ण अर्ज पोचल्यापासून मोजली जाते. येथेच कुकीच्या प्रश्नाला कायद्याचे टोक फुटते. सत्र तुटल्याने वाहून गेलेला अर्ज कायद्याच्या लेखी कधी आलाच नाही. त्याची मुदत सुरू झाली नाही, त्यावर अपील नाही, त्याची कोठे नोंद नाही. म्हणून क्रमांक शेवटी न देता आरंभी द्यावा. पहिले पान भरताच मसुद्याला क्रमांक पडावा, तो पडद्यावर ठळक दिसावा, अर्जदाराच्या मोबाइलवर संदेशाने जावा, आणि त्या क्रमांकाच्या व ओटीपीच्या आधारे कोणत्याही यंत्रावरून, कोणत्याही केंद्रातून तो मसुदा पुन्हा उघडता यावा. पानापानांमधील दुवा म्हणून मुदतीची आणि सर्व्हरच्या स्वाक्षरीची एक खूण फॉर्मच्याच लपवलेल्या रकान्यात फिरवता येते. ती पत्त्यात दिसत नाही, त्यामुळे मेहुण्याला पाठवली जात नाही. या रीतीला मर्यादा आहेत: ब्राउझरचे मागे जाण्याचे बटण दाबले की गोंधळ होतो, आणि बांधणाऱ्याला काम अधिक पडते. पण वीज गेली, गाडी गाठायची म्हणून अर्जदार उठला, किंवा डहाणूत अर्धा भरलेला अर्ज दुसऱ्या दिवशी पालघरला पुरा करायचा झाला, तर कुकी चालू असलेल्यालाही तीच उपयोगी पडते. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाल्याने ठाण्याची वाट संपली खरी. अर्धवट अर्जाची वाट अजून संपलेली नाही.

कायद्याचा आढावा त्रोटकच घेतो, कारण युरोपातील वादाचा येथील वाचकाला उपयोग मर्यादित आहे. युरोपीय संघाने २००९ साली आपल्या जुन्या निर्देशात दुरुस्ती करून, अत्यावश्यक नसलेल्या कुकींसाठी आधी संमती सक्तीची केली. ऑक्टोबर २०१९ मध्ये तेथील न्यायालयाने प्लॅनेट४९ या खटल्यात आधीच खूण केलेला रकाना म्हणजे संमती नव्हे असे ठरवले. आणि नकार देणे हे होकार देण्याइतके सोपे ठेवले नाही म्हणून फ्रान्सच्या नियामकाने जानेवारी २०२२ मध्ये गुगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरोंचा दंड केल्याचे जाहीर केले. ब्राउझरवाल्यांपैकी सफारीने मार्च २०२० मध्ये तिऱ्हाइतांच्या कुकी सरसकट अडवल्या, फायरफॉक्सने २०२२ मध्ये त्यांना ज्याच्या त्याच्या कप्प्यात कोंडले, आणि क्रोमने २०२० साली त्या हटवण्याची जी घोषणा केली होती ती २०२४ च्या जुलैत मागे घेतली.

आपल्याकडे खाजगीपणाचा हक्क सर्वोच्च न्यायालयाच्या २४ ऑगस्ट २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने मूलभूत ठरला, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमात कुकीचा नामोल्लेख नसला तरी संमती मुक्त, निःशर्त आणि निःसंदिग्ध असावी असे म्हटले आहे. सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा असेही आहे. दाखले, परवाने, अनुदाने देताना मात्र शासनाला विहित मर्यादेत संमतीवाचून विदा वापरता येते. ही सूट समजण्याजोगी आहे, पण तिची व्याप्ती अर्जापुरतीच धरली पाहिजे. आपल्याविषयी दुसऱ्याने आपल्याला न वाचता येणाऱ्या वहीत काय लिहून ठेवले आहे, या प्रश्नाचा अनुभव डहाणू-तलासरी या तालुक्यांना नवीन नाही. सावकार-जमीनदारांच्या चोपड्यांनी वारल्यांना पिढ्यानपिढ्या वेठीस आणि लग्नगडीच्या, म्हणजे लग्नासाठी काढलेल्या कर्जापोटी राबण्याच्या, दास्यात बांधले होते, आणि १९४५ साली शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली जे आंदोलन उभे राहिले त्याच्या मुळाशी ही बांधणूक होती. आठव्या अनुसूचीत मराठी आहे, गुजराती आहे, वारली नाही. म्हणून सूचना जितकी साध्या मराठीत आणि जितकी थोडक्यात लिहिता येईल तितकी लिहावी, आणि केंद्रचालकाने ती वाचून दाखवावी.

राहता राहिला खाजगी व्यापार. चित्रकार जिव्या सोमा म्हशे यांच्या गंजाडसारख्या गावांतून वारली चित्रे जगभर गेली, डहाणू-घोलवडच्या चिकूला भौगोलिक निर्देशन मिळाले, आणि चित्रे किंवा फळांचे पदार्थ संकेतस्थळावरून विकणारी लहान दुकाने यापुढे वाढतील असे दिसते. त्यांची संकेतस्थळे बहुधा तयार साच्यांवर उभी असतात, आणि त्या साच्यांतील खरेदीची टोपली कुकीवाचून रिकामीच राहते. युरोपातील एखादा रसिक सर्व कुकी नाकारून आला, त्याने चित्र निवडले आणि टोपलीत शून्य दिसले, तर त्याला दुकानच बंद वाटेल. लहान दुकानदाराने यासाठी फार मोठी यातायात करू नये: पाहुण्यांची मोजदाद करणाऱ्या आणि जाहिरातींच्या तिऱ्हाइती स्क्रिप्टा काढून टाकाव्यात, त्यामुळे संमतीचा फलक लावण्याचीही गरज बव्हंशी उरत नाही, आणि प्रत्येक चित्राखाली त्याचा क्रमांक छापून, टोपली चालत नसल्यास हा क्रमांक ईमेलने किंवा फोनवर कळवा, एवढी ओळ द्यावी. टपालाने माल मागवण्याच्या जुन्या सूचीपत्रांत असाच क्रमांक छापलेला असे, आणि त्यावर मागणी येत असे.